ओना जज का पळाली असेल? (फिलाडेल्फियाहून आल्यापासून डोक्यातून जात नाहीये)

शिलाईवाली

नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचतच असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेकीकडे अडीच महिने राहून आले, ती फिलाडेल्फियाजवळ असते. एका रविवारी जावई आम्हाला लिबर्टी बेल बघायला घेऊन गेला. घंटेच्या बिल्डिंगला लागूनच एक जागा आहे, विटांच्या अर्ध्यामुर्ध्या भिंती, दारं-खिडक्यांच्या चौकटी, वर छप्परच नाही, मला वाटलं बांधकाम अर्धवट राहिलंय. जावई म्हणाला की फिलाडेल्फिया राजधानी होती तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष म्हणून इथल्या घरात राहायचा, आणि त्याच्यासोबत नऊ गुलामही राहायचे. त्या नऊ जणांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यात एक ओना जज, तिला ओनी पण म्हणायचे.

तर ही ओना वॉशिंग्टनच्या बायकोची, मार्थाची, खास दासी. दहाएक वर्षांची असताना तिला मोठ्या घरात कामाला आणलं. आई बेटी गुलाम, शिवणकाम करायची, बाप अँड्र्यू जज हा वॉशिंग्टनकडे करारावर राबणारा इंग्रज शिंपी, पण कायद्याने मूल आईच्या वळणावर जायचं म्हणून बाप गोरा असून ही गुलामच. सुई हातात आईबापाकडूनच आलेली. मी स्वतः एकतीस वर्षं ब्लाऊज आणि ड्रेस शिवतेय, त्यामुळे हे वाचलं आणि तिथेच बसले.

२१ मे १७९६ ला वॉशिंग्टन मंडळी सुट्टीसाठी व्हर्जिनियाला, माउंट व्हर्ननला, जायच्या तयारीत होती. घरात बांधाबांध चाललेली. आणि घरची माणसं जेवायला बसलेली असताना ही पोरगी दारातून बाहेर पडली ती पडलीच. पुढे म्हातारपणी तिने सांगितलं की ते व्हर्जिनियाला जायला सामान बांधत होते, मीही बांधत होते, पण कुठे जायचंय ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या वस्तू तिने आधीच शहरातल्या काळ्या मित्रमंडळींकडे पोचवून ठेवल्या होत्या.

मला हे विचारायचंय की ती काही शेतात राबणारी नव्हती. अंगावर चांगले कपडे होते, मार्थाबाईंबरोबर सगळीकडे जायची, वॉशिंग्टनच्या हिशोबाच्या वहीत तिला नाटकाला जायला पैसे दिल्याची नोंदसुद्धा आहे म्हणे. मग इतकी जोखीम का? आणि त्यानंतर ती ५२ वर्षं जगली, तीही गरिबीत, नवरा गेला, मुली गेल्या, तरी परत फिरली नाही. एवढं बळ कुठून आणलं असेल? जाणकारांनी सांगावं. जावयाकडे उत्तर नव्हतं आणि माझं मन काही शांत होईना.

---

जुनी_वही

ताई धागा छान. "का" याचं उत्तर तिने स्वतःच देऊन ठेवलंय, आणि त्यासाठी आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: आंदण.

मार्च १७९६ मध्ये मार्थाची नात एलायझा कस्टिस हिचं लग्न झालं. मार्थाने ठरवलं की ओना हिला द्यायची. भांडीकुंडी देतात, गाय देतात, तशी. ही एलायझा तापट, लहरी म्हणून घरात सगळ्यांना माहीत होती आणि ओनाने पुढे स्पष्ट सांगितलंय की मी तिची गुलाम व्हायचं नाही हे मी ठरवलेलं होतं. म्हणजे बघा, दहा-बारा वर्षं जिचे केस विंचरले, कपडे चढवले-उतरवले, आजारपणात उशाशी बसली, तिच्या लेखी आपण देऊन टाकायची वस्तू आहोत हे तिला कळलं. नाटकाचे पैसे आणि चांगला झगा याने ते कसं झाकलं जाणार. आई बेटी आदल्याच वर्षी, १७९५ ला, वारली होती. व्हर्जिनियाला परत नेली की संपलं, हे तिला पक्कं माहीत होतं, तसं ती म्हणालीये सुद्धा.

आता ते "पक्कं" का, तर पेनसिल्व्हेनियाचा कायदा. १७८० मध्ये तिथे गुलामी टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा झाला, त्यात बाहेरच्या राज्यातल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने तिथे ठेवलं तर तो गुलाम स्वातंत्र्य मागू शकत होता. मग वॉशिंग्टनने काय करावं? सहा महिने भरायच्या आत एकेकाला राज्याच्या हद्दीबाहेर हिंडवून आणायचं, की दिवस परत शून्यापासून मोजायचे. १७८८ च्या दुरुस्तीनंतर हे असं करणं बेकायदा होतं, तरी. १७९१ मध्ये सेक्रेटरी टोबायस लिअरला त्याने लिहिलंय की हे अशा बहाण्याने करावं की त्यांनाही आणि लोकांनाही खरं कारण कळू नये. ओनाला पण असं नदीपलीकडे न्यू जर्सीत वगैरे नेऊन आणलेलं. तिला हे समजत नसेल असं वाटतं का? फिलाडेल्फियात स्वतंत्र काळ्या लोकांची वस्ती होती, त्यांचं स्वतःचं चर्च १७९४ ला रिचर्ड ॲलनने उभं केलेलं. बाजारात जाताना ती रोज बघत असणार की आपल्यासारख्या बायका स्वतःच्या पैशाने मासळी घेतायत आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जातायत. माझ्या मते बळ तिथून आलं, ते डोळ्यांनी बघितल्यावर मनात राहतंच.

---

साधासरळ

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त केलं होतं ना? त्या काळच्या मानाने ती मोठीच गोष्ट. ओना तीनचार वर्षं थांबली असती तर राजरोस सुटली असती, पळापळ नाही, लपाछपी नाही. वॉशिंग्टनने लिहिलंय की तिला नोकरासारखं नाही तर पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. हे सगळं खोटंच धरायचं का? मी तिला नावं ठेवत नाहीये, पण तिचा निर्णय घाईचा झाला असं वाटतं.

---

जुनी_वही

साधासरळ, तुमचा प्रश्न खूप जण विचारतात म्हणून नीट सांगतो.

वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ ला गेला. माउंट व्हर्ननवर त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम होते, मृत्युपत्र त्यांच्यापुरतं. आणखी १५३ जण त्याच्या मालकीचे नव्हतेच, ते मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या, डॅनियल कस्टिसच्या, इस्टेटीतले. कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता गेला आणि विधवेचा हयातीपुरता तिसरा हिस्सा म्हणून ते मार्थाकडे आले. तिच्या पश्चात ते कस्टिसच्या वारसांना जायचे, वॉशिंग्टनने मनात आणलं तरी त्याला ते सोडता येत नव्हते. ओनाची आई या कस्टिसच्या हिश्श्यातली, म्हणून ओना पण. १८०२ ला मार्था गेल्यावर ही सगळी माणसं चार नातवंडांत वाटली गेली. म्हणजे ओना थांबली असती तर सुटली नसती, वाटणीत गेली असती. खरं तर वाटणीपर्यंतही नाही, एलायझाकडे आधीच गेली असती.

आणि "पोटच्या पोरीसारखी" हे वाक्य त्याने तिला पकडून आणण्यासाठी लिहिलेल्या पत्रातलं आहे हे लक्षात घ्या. ओनाने शेवटी शेवटी सांगितलं की त्या घरात मला लिहायवाचायचं काहीच शिकवलं नाही, धर्माचंही नाही. वाचायला ती शिकली ते पळाल्यानंतर. पोटच्या पोरीला कोणी असं ठेवतं का.

---

शिलाईवाली

जुनी_वही, मनापासून धन्यवाद. आंदण हा शब्द वाचला आणि पोटात कालवलं.

तुम्ही लिहिल्यावर मी ती पेपरातली जाहिरात लेकीकडून परत वाचून घेतली. घरच्या कारभाऱ्याने, फ्रेडरिक किट त्याचं नाव, दोन-तीन दिवसांतच छापली होती. त्यात तिचं वर्णन आहे, उजळ रंग, चेहऱ्यावर खूप वांग, एकदम काळेभोर डोळे, दाट काळे केस, मध्यम उंची, नाजूक बांधा, वय वीसच्या आसपास. आणि पुढे म्हटलंय की तिच्याकडे चांगल्या कपड्यांचे बरेच जोड आहेत. जो आणून देईल त्याला दहा डॉलर.

माझी नजर त्या कपड्यांवर अडकली. इतके जोड एका दिवसात हातात धरून कोणी बाहेर पडत नाही, त्या काळचा झगा म्हणजे वारच्या वार कापडाचा घोळ, दोन झाले तरी गाठोडं होतं. ते आधी थोडे थोडे बाहेर गेले असणार. आणि शिवणाऱ्या बाईच्या काखेत कापडाचं गाठोडं दिसलं तर कोण विचारतंय? मी एकतीस वर्षं गाठोडी घेऊन गल्लीतून फिरतेय, मला आजवर कोणी विचारलं नाही की आत काय आहे. हा माझा अंदाज आहे हं, पण जिथे बांधाबांध चाललीय, ट्रंका उघड्या पडल्यात, हे धुवायचं ते उसवायचं चाललंय, तिथे तिच्या कामाच्याच आडून तिने आपली वाट काढली असं मला फार वाटतं. म्हणजे घाई नाही हो साधासरळ, मला तर ही खूप दिवसांची तयारी वाटते.

जाहिरातीत असंही म्हटलंय की ती का गेली कळत नाही, तिला जायचं काही कारणच नव्हतं. हे वाचून फार वाईट वाटलं. इतकी वर्षं बाई समोर वावरतेय आणि हिला काही वाटत असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

---

पाइनची_सावली

मी न्यू हॅम्पशरमध्ये राहते, पोर्ट्समथपासून अर्ध्या तासावर. ओना जिथे पोचली ते हेच गाव, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना.

ती फिलाडेल्फियाहून "नॅन्सी" नावाच्या जहाजाने आली, कॅप्टन जॉन बोल्स. हे नाव तिने तो कॅप्टन मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला शिक्षा होईल. मला तिच्यातलं सगळ्यात जास्त भावतं ते हे. स्वतःचा जीव टांगणीला आणि तरी ज्याने आणलं त्याचं नाव वर्षानुवर्षं ओठाबाहेर नाही.

पण सुटका एका दिवसात झाली नाही. त्याच उन्हाळ्यात तिला पोर्ट्समथमध्ये सिनेटर लँग्डनच्या मुलीने ओळखलं, ती वॉशिंग्टनच्या घरी जाणारी-येणारी. बातमी पोचली. वॉशिंग्टनने अर्थमंत्री वोल्कॉटला कामाला लावलं आणि वोल्कॉटने इथल्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याला, जोसेफ व्हिपलला. विचार करा, देशाचा अर्थमंत्री आणि कस्टम्स खातं एका पळालेल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या मागे. पळालेल्या गुलामांना परत आणायचा १७९३ चा कायदा वॉशिंग्टननेच सही केलेला, त्यात मालकाने न्यायाधीशापुढे यायचं असं होतं, पण त्याला गाजावाजा नको होता म्हणून हा आडमार्ग.

व्हिपलने नोकरीच्या निमित्ताने तिला बोलावलं आणि बोलता बोलता खरं काढलं. वॉशिंग्टनला वाटत होतं की कुणा फ्रेंच माणसाने फूस लावली. व्हिपलने उलट कळवलं की फूस वगैरे कुणी लावलेली नाही, हिला फक्त पूर्ण स्वातंत्र्य हवंय, आणि पुन्हा विकलं जाण्यापेक्षा किंवा कुणाला देऊन टाकलं जाण्यापेक्षा मेलेलं बरं असं ती म्हणते. तिने एक अट मात्र ठेवली होती. वॉशिंग्टन आणि मार्था यांच्यानंतर मला मुक्त करण्याचं वचन द्या, मी परत येते. मला हे वाचताना दर वेळी थांबावं लागतं, म्हणजे त्यांच्या हयातभर सेवा करायला ती तयार होती, फक्त त्यांच्यानंतर कुणाच्या वाटणीला जायचं नव्हतं. वॉशिंग्टनने नोव्हेंबरात उत्तर दिलं की अशी तडजोड अजिबात मान्य नाही, हिला असं बक्षीस दिलं तर बाकीचे जे जास्त निष्ठावान आहेत त्यांच्यात असंतोष होईल.

मग ती गेलीच नाही. १७९७ च्या जानेवारीत तिने जॅक स्टेन्स नावाच्या स्वतंत्र काळ्या खलाशाशी लग्न केलं. १७९९ मध्ये मार्थाचा भाचा बरवेल बॅसेट तिला न्यायला आला. जॅक समुद्रावर, घरात ही आणि तान्ही लेक. बॅसेट म्हणाला चल, तिथे गेल्यावर तुला मोकळं करतील. तिने उत्तर दिलं, "मी आत्ता मोकळीच आहे आणि मला मोकळंच राहायचंय." दुसऱ्या खेपेला तो जबरदस्तीने तिला आणि बाळाला न्यायच्या बेताने होता, पण तो लँग्डनकडेच उतरलेला, तिथून तिला आगाऊ सांगावा गेला आणि ती रातोरात बाळाला घेऊन ग्रीनलंडला जॅक आडनावाच्या स्वतंत्र काळ्या कुटुंबाकडे गेली. (ग्रीनलंड म्हणजे ते बर्फाचं बेट नव्हे, इथलंच छोटं गाव.) त्याच डिसेंबरात वॉशिंग्टन गेला आणि पाठलाग थांबला.

कायद्याने मात्र ती शेवटपर्यंत फरारीच. तिची मुलंसुद्धा कस्टिस इस्टेटीची मालमत्ता, बाप स्वतंत्र असून, जन्म इथला असून. दारावर थाप पडली की काय होत असेल तिच्या मनात. आणि हे एक-दोन वर्षं नाही ताई, ५२ वर्षं. १८०३ ला नवरा गेला. मग त्याच ग्रीनलंडच्या कुटुंबासोबत राहून धुणंभांडी, शिवण करून पोट भरलं, दोन्ही मुली तिच्या डोळ्यांदेखत गेल्या, म्हातारपणी काउंटीच्या मदतीवर दिवस काढले. इथला फेब्रुवारी मी बघितलाय, लाकूडफाटा नसेल तर माणूस काकडून जातो. २५ फेब्रुवारी १८४८ ला ती गेली.

---

मोडी_वाचक

उत्तम चर्चा. एक हिंदुस्थानी धागा जोडतो, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो.

एलायझाने जिच्याशी लग्न केलं तो थॉमस लॉ हा ईस्ट इंडिया कंपनीचा माजी अधिकारी. बिहारात गयेला कलेक्टर होता, जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात त्याचं नाव येतं. हिंदुस्थानात पैसा करून तो अमेरिकेत गेला, सोबत हिंदुस्थानी आईपासून झालेले मुलगे. वयाने एलायझापेक्षा वीस वर्षांनी मोठा. म्हणजे ओनाला ज्या घरात आंदण जायचं होतं त्या घरातला पैसा आपल्याकडच्या रयतेवर कमावलेला होता. ओना गेली नाही म्हणून तिची धाकटी बहीण फिलाडेल्फिया (नावच ते, डेल्फी म्हणत) एलायझाकडे गेली. पुढे १८०७ मध्ये लॉने डेल्फीला मुक्त केलं. बहिणीच्या वाट्याला आपली जागा आली हे ओनाला किती बोचलं असेल याचा विचार मनात येतोच.

आणि आंदण म्हणालात म्हणून सांगतो, पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आणि बटकी (म्हणजे गुलाम बायका) विकत घेतल्याच्या, एकीकडून दुसरीकडे दिल्याच्या नोंदी मिळतात. बाईचं नाव, वय, किंमत. बाकी काही नाही, ती काय म्हणाली ते तर कुठेच नाही. ओनाचं वेगळेपण मला इथे दिसतं. १८४५ आणि १८४७ मध्ये गुलामीविरोधी वर्तमानपत्रांत तिच्या मुलाखती छापून आल्या, म्हणून तिचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं. आमच्या कागदांतल्या बायकांना कुणी विचारलंच नाही. जोतिबांनी १८७३ ला "गुलामगिरी" अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, ते काही उगाच नाही, त्यांना हे नातं दिसत होतं.

माझी पणजी नऊ वर्षांची असताना एका मोठ्या घरच्या मुलीची पाठराखीण म्हणून तिच्या सासरी गेली, महिनाभरासाठी म्हणून. ती परत आली ती बाराव्या वर्षी, तिचा थोरला भाऊ जाऊन दारात बसला तेव्हा. तिने त्याबद्दल घरात कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त लग्नात कुणी गाय आंदण दिली म्हणालं की ती उठून आत जायची, एवढं आजी सांगते.

---

साधासरळ

सगळ्यांचं वाचलं. "थांबली असती तर सुटली असती" हे मी मागे घेतो. मला ते १५३ लोकांचं खरंच माहीत नव्हतं. मोडी_वाचक, तुमच्या पणजीचं वाचून गप्प झालो.

तिला पश्चात्ताप झाला का हे कुणी विचारलं होतं का?

---

पाइनची_सावली

हो, मुलाखत घेणाऱ्यानेच विचारलं. वॉशिंग्टनकडे असताना जितके कष्ट होते त्याहून जास्त इथे पडले, मग गेल्याचं वाईट वाटतं का म्हणून. ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे, आणि त्यामुळेच देवाची लेक झाले असं मला वाटतं. तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती आणि दोन्ही मुली गेलेल्या होत्या.

---

शिलाईवाली

कालपासून चार वेळा वाचलं हे सगळं. लेकीलाही फोनवर वाचून दाखवलं, ती ऑफिसात होती तरी ऐकत राहिली.

माझ्याकडे शिकायला सहा मुली येतात. आज मशीन बंद ठेवून त्यांना ओनाची गोष्ट सांगितली. एकीने विचारलं, काकू तिने पळताना सुई-दोरा घेतला असेल का? मी म्हटलं बाई, तो तर आधी घेतला असेल. पोर्ट्समथला उतरल्यावर ओळखीचं कुणी नाही, जवळ पैसा नाही, तर दुसऱ्या दिवसापासून पोट भरायला तिच्याकडे हातातलं कामच होतं.

पाइनची_सावली, पुढच्या वर्षी जूनमध्ये परत जाणार आहे लेकीकडे. ग्रीनलंडला ती राहायची तिथे जाता येतं का? बस वगैरे आहे का बोस्टनहून, की गाडीच करावी लागेल?

---

पाइनची_सावली

बोस्टनहून पोर्ट्समथला बस आहे ताई, तासा-सव्वातासात येते. तिथून मी घ्यायला येईन, ग्रीनलंड अगदी जवळ आहे. जूनमध्येच या, सगळं हिरवंगार असतं. तारीख ठरली की इथे व्यक्तिगत निरोप पाठवा.